लपलेलं लग्न : नेच्याच्या जीवनचक्राचा शोध

नेच्याचं जीवनचक्र ही जीवशास्त्राच्या परीक्षेतली हमखास आकृती. एक मोठा गोल, त्यावर बाण, आणि बाणांच्या टोकांना नावं – बीजाणू, प्रोथॅलस, युग्मक, युग्मनज आणि पुन्हा नेचा. चार-पाच वेळा काढली की ती हातात बसते. पण समजा, आकृती काढता काढता एखाद्या मुलीनं विचारलं, "हे सगळं कळलं कसं?", तर काय सांगायचं?

नेचे आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. पावसाळ्यात घाटातल्या दरडींवर, जुन्या विहिरींच्या भिंतींवर ते भरपूर उगवतात. कुंडीतला हंसराज हाही नेचाच. म्हणजे त्या गोलाचा एक अर्धा भाग आपल्या ओळखीचा आहे. उरलेला अर्धा, म्हणजे बीजाणूपासून तयार होणारा प्रोथॅलस आणि त्यावर होणारं फलन, बहुतेकांनी फक्त पुस्तकात पाहिलेला असतो. शास्त्रज्ञांनाही हा भाग फार उशिरा सापडला. वनस्पतींचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहायला सतराव्या शतकातच सुरुवात झाली होती. नेच्याच्या फलनाचं वर्णन मात्र छापून आलं १८४८ मध्ये. मधली पावणेदोनशे-दोनशे वर्षं काय चाललं होतं?

"तेव्हाची भिंगं चांगली नव्हती" हे झटकन सुचणारं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. प्रोथॅलस बघायला भिंग लागतच नाही. तो करंगळीच्या नखाएवढा असतो, कधी त्याहून थोडा लहान. ओल्या मातीवर, कुंडीच्या कडेला तो साध्या डोळ्यांनी दिसतो. डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट इतकी वर्षं ओळखू का आली नाही, हे पाहण्यासारखं आहे.

अदृश्य बी

जुन्या काळी युरोपातल्या लोकांना नेच्याचं एक कोडं होतं. प्रत्येक झाडाला बी येतं, मग नेच्याचं बी कुठे आहे? फूल नाही, फळ नाही, तरी दर वर्षी नवे नेचे उगवतात. लोकांनी त्यावर एक उत्तर शोधलं. नेच्याला बी आहे, पण ते अदृश्य आहे. ते जूनमधल्या एका ठरावीक रात्री, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री गळतं, आणि ज्याच्या खिशात ते असेल तो माणूसही अदृश्य होतो! शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' या नाटकाच्या पहिल्या भागात एक चोर या बियांचा उल्लेख करतो. अदृश्य व्हायचा उपाय चोराला हवाच असणार.

हसू येण्यासारखी ही समजूत आहे, पण तिच्यात एक तर्क आहे. बी असलंच पाहिजे, ते दिसत नाही, म्हणून ते अदृश्य असलं पाहिजे. यातलं पहिलं विधान तपासायचं कुणाला सुचलं नाही.

सोळाव्या शतकात हिएरोनिमुस बोक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं निदान अर्धी गोष्ट तपासून पाहिली. मंत्रतंत्र, जादूटोणा सगळं बाजूला ठेवून, दोन-तीन माणसांना सोबत घेऊन तो सलग चार वर्षं त्या रात्री नेच्यांच्या रानात गेला. नेच्यांखाली त्यानं कापडं आणि मोठी पानं अंथरली आणि नेचे झटकले. पहाटे त्याला अंथरलेल्या कापडावर खसखशीसारखं बारीक, काळं 'बी' मिळालं. म्हणजे ते अदृश्य नव्हतं, फक्त फार बारीक होतं.

बोकला मिळालेले कण म्हणजे बीजाणू आणि त्यांच्या पिशव्या, असं आज आपण म्हणू. नेच्याच्या पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा पट्टे असतात. तो रोग नव्हे. प्रत्येक ठिपका म्हणजे अनेक बीजाणुधानींचा पुंजका. बहुतेक नेच्यांच्या एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू असतात. एक बीजाणू साधारण २० ते ६० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा काही शतांश भाग. सूक्ष्मदर्शक आल्यावर हे ठिपके आणि पिशव्या लोकांनी बारकाईनं पाहिल्या, त्यांची चित्रंही काढली. आतल्या कणांना मात्र ते बीच म्हणत राहिले.

लिनियसचा चोविसावा वर्ग

१७३५ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसनं सगळ्या वनस्पतींची २४ वर्गांत मांडणी केली. मांडणीचा आधार होता फुलातले पुंकेसर. एक पुंकेसर असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा, अशा रीतीनं तो पुढे गेला. फुलाला तो वनस्पतींचं लग्नघरच मानत असे. पुंकेसर म्हणजे नवरे आणि स्त्रीकेसर म्हणजे नवऱ्या.

नेचे, मॉस, शैवाल आणि बुरशी यांच्यात मात्र पुंकेसर दिसत नव्हते. या सगळ्यांना त्यानं शेवटच्या, चोविसाव्या वर्गात घातलं आणि त्या वर्गाला नाव दिलं क्रिप्टोगॅमिया. ग्रीक भाषेत क्रिप्टोस म्हणजे लपलेलं आणि गॅमोस म्हणजे लग्न. आपल्या पाठ्यपुस्तकांत क्रिप्टोगॅम्सना अबीजपत्री म्हणतात. या मराठी शब्दात बी नसल्याचा उल्लेख आहे. लिनियसच्या शब्दात लग्न लपल्याचा उल्लेख आहे. दोन्ही नावं एकाच गटाची असली, तरी त्यांच्यामागचे विचार वेगळे आहेत, हे मुलांना जरूर सांगावं.

लग्न होतं आहे, फक्त लपून होतं आहे, हा लिनियसचा अंदाज बरोबर ठरला. पण त्या अंदाजानं शोधाला एक दिशाही लागली, आणि ती चुकीची होती. लोक नेच्याच्या पानावर पुंकेसर आणि स्त्रीकेसर शोधू लागले. तपकिरी ठिपक्यांत बी आहे, असं धरलं तर स्त्रीकेसर तिथेच असणार. मग पुंकेसर कुठे? कुणी पानावरच्या ग्रंथियुक्त केसांना पुंकेसर म्हटलं, कुणी पर्णरंध्रांना, तर कुणी बीजाणुधानीभोवतीच्या जाड पेशींच्या कड्याला. खरं तर ते कडं वाळताना ताणलं जातं आणि एकदम सुटून बीजाणू दूर फेकतं. त्याचा परागकणांशी काही संबंध नाही.

याच काळात मॉसच्या अभ्यासात एक मोठं यश मिळालं. योहान्नेस हेडविग हा जर्मनीतल्या केमनिट्झ गावचा डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात तो मॉस पाहायचा. मॉसच्या पानांच्या झुबक्यात त्याला दोन प्रकारचे सूक्ष्म अवयव दिसले. काही लांबट पिशवीसारखे, तर काही लांब मानेच्या कलशासारखे. पिशव्या म्हणजे नर अवयव आणि कलश म्हणजे मादी अवयव, असं त्यानं ओळखलं. कलशाच्या जागीच पुढे देठावरची डबी, म्हणजे मॉसचं संपुट वाढतं, हेही त्याच्या लक्षात आलं. १७८२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. आज पिशवीला आपण अँथेरिडियम आणि कलशाला आर्चिगोनियम म्हणतो.

हेडविगच्या यशाचा नेच्यांच्या शोधावर मात्र उलटाच परिणाम झाला. मॉसमध्ये हे अवयव पानं असलेल्या हिरव्या रोपावरच सापडले. मग नेच्यातही ते पानं असलेल्या रोपावरच असायला हवेत! त्यामुळे लोक नेच्याच्या पानांवर आणखी नेटानं शोधू लागले.

जमैकातली एक कुंडी

कोड्याची एक बाजू सोडवली ती वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या एका माणसानं. जॉन लिंडसे हा जमैका बेटावरचा शल्यचिकित्सक. पाऊस पडून गेला की उघड्या मातीवर नेच्यांची बारीक रोपं उगवताना त्याला दिसत. ती कशापासून येतात, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं नेच्याच्या पानावरची धूळ कुंडीतल्या मातीवर पेरली, माती ओली ठेवली आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडी माती सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन पाहू लागला.

बरेच दिवस काही झालं नाही. साधारण बाराव्या दिवशी काही कण हिरवट झालेले दिसले. पुढे त्यांतून हिरवे पापुद्रे वाढले, आणि काही काळानं त्या पापुद्र्यांतून नेच्याची पहिली पानं वर आली. हे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १७९४ मध्ये छापून आलं. धूळ पेरून नेचे वाढवता येतात हे कळल्यावर बागवानांना मोठाच आनंद झाला, आणि दूरदूरचे नेचे युरोपातल्या बागांमध्ये वाढू लागले.

म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीला प्रोथॅलस लोकांच्या कुंड्यांमध्ये होता. त्या पापुद्र्याला ते काय म्हणत असत? बीजपत्र! वाल किंवा भुईमूग पेरला की आधी जाडसर बीजपत्रं वर येतात आणि मग खरी पानं. तसाच हा पापुद्रा, असं त्यांनी धरलं. धूळ म्हणजे बी हे एकदा ठरलं, की बियातून पहिल्यांदा जे येईल ते बीजपत्रच. आणि बीजपत्रावर पुंकेसर शोधायला कोण जाणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं पुढची पन्नास वर्षं चाललं.

वळवळणारे धागे

दरम्यान भिंगं सुधारत होती. जुन्या संयुक्त सूक्ष्मदर्शकात प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर दिसे आणि मोठं करून पाहावं तर चित्र धूसर होई. वेगवेगळ्या काचांची भिंगं जोडून ही झालर घालवता येत होती. इंग्लंडच्या जोसेफ जॅक्सन लिस्टरनं १८३० मध्ये अशा भिंगांच्या जोड्या एकमेकींपासून किती अंतरावर बसवायच्या, याचं गणित मांडलं. त्यानंतर चांगले सूक्ष्मदर्शक अनेकांच्या आवाक्यात आले.

१८४४ मध्ये स्विस शास्त्रज्ञ कार्ल नेगेली यानं नेच्याचे हे पापुद्रे चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. हा तोच नेगेली, ज्याच्याशी पुढे ग्रेगॉर मेंडेलचा पत्रव्यवहार झाला. पापुद्र्याच्या खालच्या बाजूला त्याला बारीक गोलसर उंचवटे दिसले. पाण्यात ते फुटत आणि त्यांतून इवल्या पेशी बाहेर पडत. प्रत्येक पेशीत मळसूत्रासारखा वळलेला एक धागा असे, आणि तो पाण्यात गरगरत पोहू लागे. मॉसच्या अँथेरिडियममधून असेच धागे बाहेर पडताना आधी दिसले होते. म्हणजे नेच्याचे नर अवयव या तथाकथित बीजपत्रावर होते! पण मादी अवयवांचा पत्ता नेगेलीला लागला नाही.

तो लागला चार वर्षांनी. मिखाल लेश्चिट्स-सुमिन्स्की हा पोलिश सरदार घराण्यातला तरुण बर्लिनमध्ये नेच्यांचा अभ्यास करत होता. १८४८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यानं आपलं पुस्तक काढलं. त्याच पापुद्र्यावर, हृदयाच्या आकाराच्या खाचेजवळ त्याला आखूड मानेचे कलश सापडले. वळवळणारे धागे कलशाच्या मानेतून आत जातात, आणि आतल्या पेशीपासून भ्रूण वाढतो, तोच पुढे नेचा होतो, असं त्यानं लिहिलं आणि चित्रांनी दाखवलं.

लपलेलं लग्न अखेर सापडलं होतं. ते नेच्याच्या पानावर नव्हतंच. नेच्यापासून वेगळ्या, स्वतःच्या मुळासारख्या तंतूंवर जगणाऱ्या एका इवल्या हिरव्या रोपावर ते होत होतं. सगळ्यांना हे लगेच पटलं नाही. काहींनी सुमिन्स्कीच्या निरीक्षणांवरच शंका घेतली, आणि त्याच्या तपशिलात काही चुका होत्याही. पण अधिक मोठी अडचण दुसरीच होती. हे पटलं, तरी त्याचा अर्थ काय लावायचा? मॉसमध्ये लग्न पानं असलेल्या रोपावर, नेच्यात एका पापुद्र्यावर, फुलझाडांत फुलामध्ये. सृष्टीत काही नियम आहे की नाही?

पहाटेचा संशोधक

या प्रश्नाचं उत्तर ज्यानं दिलं, त्यानं विद्यापीठात कधी शिक्षण घेतलं नव्हतं. विल्हेल्म हॉफमाइस्टरचा जन्म १८२४ मध्ये लाइपझिग शहरात झाला. वडील संगीताच्या छापील प्रतींचे प्रकाशक आणि विक्रेते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो व्यापार शिकायला गेला आणि नंतर वडिलांच्या धंद्यात काम करू लागला. वनस्पतींची आवड घरातूनच लागलेली. दुकानाच्या कामाआधी, पहाटे उठून तो सूक्ष्मदर्शकापाशी बसे. त्याची दृष्टी फार जवळची होती. चष्मा न लावता, वस्तू डोळ्यांजवळ धरून तो अतिशय बारीक चिरफाड करू शकत असे. लोकांनी ज्याला व्यंग म्हटलं असतं, ते त्याच्या या कामी आलं.

हॉफमाइस्टरची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याला एक क्षण दिसतो. कापलेला तुकडा मेलेला असतो, तो पुढे वाढत नाही. वाढ पाहायची तर वेगवेगळ्या वयाचे शेकडो नमुने घ्यायचे, प्रत्येकाचे वस्तऱ्यानं हातानंच पातळ काप घ्यायचे, आणि पेशी मोजत, एकीच्या दोन आणि दोघींच्या चार कशा झाल्या हे ठरवत त्यांचा क्रम लावायचा. हॉफमाइस्टरनं हेच केलं, आणि तेही एका वनस्पतीत नव्हे. लिव्हरवर्ट, मॉस, नेचे, इक्विसेटम, सेलाजिनेला, देवदाराच्या जातीची सूचिपर्णी झाडं, एकामागून एक. कुठल्या अवयवाला आधीचे लोक काय म्हणतात याकडे न पाहता तो कोणत्या पेशीपासून आला आणि त्यापासून पुढे काय झालं, एवढंच तो पाहत गेला.

१८५१ मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्यात ३३ चित्रपट्टिका होत्या. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. या सगळ्या वनस्पतींच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीनं येतात. एक पिढी युग्मकं तयार करते, म्हणजे अंडपेशी आणि पोहणारे पुंयुग्मक. त्यांच्या मीलनातून दुसरी पिढी जन्मते. ही दुसरी पिढी लग्न न करता बीजाणू तयार करते, आणि बीजाणूपासून पुन्हा पहिली पिढी येते. यालाच आपण पिढ्यांचं एकांतरण म्हणतो.

आता मॉस आणि नेचा शेजारी ठेवून पाहा. मॉसचं पानं असलेलं हिरवं रोप युग्मकं तयार करतं. नेच्यात हे काम इवला प्रोथॅलस करतो. मॉसची देठावरची डबी बीजाणू तयार करते. नेच्यात हे काम पानांनी डवरलेला, कधी माणसाहून उंच नेचा करतो. म्हणजे मॉसचं रोप आणि नेच्याचं रोप दिसायला सारखी 'झाडं' असली, तरी ती एकमेकांची जोडीदार नव्हेत. मॉसच्या रोपाची जोडी प्रोथॅलसशी आणि मॉसच्या डबीची जोडी अख्ख्या नेच्याशी! ज्या सारखेपणावर भरवसा ठेवून लोक पन्नास वर्षं नेच्याच्या पानांवर शोध घेत होते, तो वरवरचा होता.

त्याच्या आधीच्या संशोधनासाठी रॉस्टॉक विद्यापीठानं त्याला १८५१ मध्येच सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८६३ मध्ये हा दुकानदार हायडेलबर्ग विद्यापीठात थेट प्राध्यापक झाला. पुढे ट्यूबिंगेनला गेला, आणि १८७७ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी वारला.

चिलगोजा आणि पोहणारे पुंयुग्मक

हॉफमाइस्टर नेच्यांपाशी थांबला नाही. सेलाजिनेलामध्ये लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे बीजाणू असतात. मोठ्या बीजाणूतला प्रोथॅलस बीजाणूच्या कवचातून जेमतेम डोकावतो. सूचिपर्णी झाडांत तर मोठा बीजाणू झाडावरून गळतच नाही. तो बीजांडाच्या आतच राहतो आणि त्याचा प्रोथॅलसही तिथेच वाढतो. त्यातही आर्चिगोनियम असतात. म्हणजे बी असलेल्या झाडांनीही दोन पिढ्यांची रीत सोडलेली नाही. एक पिढी फक्त दुसरीच्या पोटात दडून बसली आहे.

हे मुलांना हातात घेऊन दाखवता येतं. चिलगोजा हे हिमालयातल्या एका पाइनचं बी. सोलल्यावर आपण जो पांढरा गर खातो, तो म्हणजे त्या पाइनची युग्मक तयार करणारी मादी पिढी, नेच्याच्या प्रोथॅलसची जोडीदार. दाणा उभा चिरला की गराच्या मधोमध काडीसारखा भ्रूण दिसतो. ती पुढची पिढी.

मग एक प्रश्न उरतो. नेच्याचा पुंयुग्मक अंडपेशीकडे पोहत जातो, म्हणून त्याला पाण्याचा थर लागतो. पाइनमध्ये परागनलिका हे काम करते. या दोहोंच्या मधलं काही असेल का? बियांच्या झाडांतही परागनलिकेत पोहणारे पुंयुग्मक तयार होत असतील, अशी शक्यता हॉफमाइस्टरनं बोलून दाखवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, १८९६ मध्ये ती खरी ठरली, आणि तीही जपानमध्ये.

साकुगोरो हिरासे हा टोकियोच्या इंपीरियल विद्यापीठात चित्रं काढण्याचं आणि साहाय्यकाचं काम करत असे. त्याच्याजवळही पदवी नव्हती. कोइशिकावा बागेतल्या गिंको झाडाची बीजांडं तो गोळा करी. गिंकोचे परागकण वसंतात बीजांडात शिरतात, पण फलन होतं शरदाच्या तोंडावर, साधारण चार महिन्यांनी. नेमके दिवस साधून असंख्य काप घेतल्यावर हिरासेला परागनलिकेतून बाहेर पडून पोहणारे, केसाळ झालरीचे पुंयुग्मक दिसले. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यानं सायकसमध्येही ते पाहिले. आपल्या बागांमध्ये शोभेसाठी लावतात, तोच हा सायकस. हिरासे पुढच्याच वर्षी विद्यापीठ सोडून हिकोने गावच्या शाळेत शिक्षक झाला. १९१२ मध्ये जपानच्या अकादमीनं दोघांचाही मोठा पारितोषिक देऊन गौरव केला. हिरासेचं ते गिंकोचं झाड अजून उभं आहे.

दोन पिढ्यांत फरक कशाचा?

हॉफमाइस्टरला गुणसूत्रं माहीत नव्हती. १८९४ मध्ये एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यानं त्याच्या चक्राला गुणसूत्रांचा हिशेब जोडला. फलनात दोन पेशींची गुणसूत्रं एकत्र येतात, म्हणून नेच्यात ती दुप्पट असतात. बीजाणू होताना अर्धसूत्री विभाजन होऊन ती निम्मी होतात, म्हणून प्रोथॅलसमध्ये एकपट. आज पाठ्यपुस्तकात बाणांशेजारी 'एन' आणि 'टू एन' लिहितात, ते इथून आलं.

पण गुणसूत्रं एकपट असली की प्रोथॅलस आणि दुप्पट झाली की नेचा, इतकं ते सरळ नाही. याची चाहूल स्ट्रासबुर्गरच्या आधीच लागली होती. १८७४ मध्ये विल्यम फार्लो या अमेरिकन शास्त्रज्ञानं एका नेच्यात प्रोथॅलसपासून फलनाशिवाय थेट नेच्याचं रोप वाढताना पाहिलं. अलीकडे, २०१३ मध्ये, मॉसवरच्या प्रयोगांत असं दिसलं की नॉक्स-२ या गटातली जनुकं काढून टाकली तर दुप्पट गुणसूत्रांच्या पेशीही युग्मक-पिढीसारखं रोप वाढवू लागतात. म्हणजे दोन्ही पिढ्यांच्या बांधणीची सूचना प्रत्येक पेशीजवळ असते. त्यातली कोणती वाचायची, हे ठरवणारी जनुकं वेगळी असतात.

प्रोथॅलसला नेच्याचं बालरूप समजणं किती अपुरं आहे, हे दाखवणारं एक उदाहरण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांत आहे. तिथल्या व्हिटारिया या नेच्याच्या एका जातीची फक्त युग्मक-पिढीच कपारींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढते आहे. तिचा पूर्ण वाढलेला नेचा निसर्गात सापडलेला नाही.

वर्गात काय करता येईल?

लिंडसेनं केलेला प्रयोग कुठल्याही शाळेत करता येतो. पावसाळा संपता संपता, ठिपके तपकिरी झालेलं नेच्याचं पान तोडा. ठिपक्यांची बाजू खाली करून ते पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर एक वही ठेवा. दोन दिवसांत कागदावर तपकिरी धुळीची नक्षी उमटेल. मातीच्या विटेचा तुकडा पाण्यात उकळून घ्या, म्हणजे बुरशीचा त्रास कमी होईल. तो पाणी असलेल्या बशीत ठेवा, वर धूळ अगदी विरळ भुरभुरवा आणि काचेच्या बरणीनं झाका. उजेडात ठेवा, पण उन्हात नको. दोन-तीन आठवड्यांत विटेवर हिरवी झाक येते. दीड-दोन महिन्यांत हृदयाच्या आकाराच्या चकत्या दिसू लागतात. त्यानंतर अधूनमधून पाणी फवारावं, कारण पोहायला पाणी हवंच.

एक चकती उलटी करून थेंबभर पाण्यात काचपट्टीवर ठेवा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात शंभरपट मोठं करून पाहिलं तरी तंतू, गोलसर अँथेरिडियम आणि खाचेजवळचे आर्चिगोनियम ओळखता येतात. नशीब असेल तर एखादं अँथेरिडियम डोळ्यांदेखत फुटतं, आणि नेगेलीनं पाहिलेली वळवळ मुलांनाही दिसते.

नावं मात्र लगेच सांगू नयेत, असं मला वाटतं. विटेवर पहिली हिरवी चकती आली की मुलांना विचारावं, हे काय असेल? बरीच मुलं म्हणतील, नेच्याचं छोटं पान. कुणी बीजपत्रही म्हणेल. त्यांना चूक म्हणायची घाई करू नये. अठराव्या शतकातल्या जाणत्या माणसांनीही हेच उत्तर दिलं होतं. मग पुढचा प्रश्न विचारावा. हे पानच आहे, की वेगळं रोप आहे, हे ठरवायला आपल्याला काय काय पाहावं लागेल? चकती रोज पाहायची, वहीत तारीख घालून तिचं चित्र काढायचं आणि आपापलं उत्तर लिहून ठेवायचं. दोन महिन्यांनी तीच चित्रं ओळीनं मांडली, तर जीवनचक्राची आकृती मुलं आपली आपण काढू शकतील.